संस्थेला पाहुणी नको, भाडेकरू करा

प्रतिष्ठानाची नवी इमारत म्हटलं की आपल्या नागपुरात तिथे काय काय असणार हे डोळे मिटून सांगता येतं. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, लॉबीत संस्थापकांचा अर्धपुतळा, त्याला रोजचा ताजा हार, वर एसी सभागृह आणि सभागृहाला कुलूप. स्मृतिदिनाला ते कुलूप निघतं. मधल्या मजल्यावर दोन-तीन केबिन, बाकी प्लास्टिकचं कव्हरही न काढलेल्या खुर्च्या. कोणा एकाबद्दल बोलत नाहीये, तेव्हा कमेंटमध्ये नावं विचारू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की ते रिकामे मजले शहरातल्या लहान संस्थांना द्या. आणि फुकट देऊ नका, भाडं घ्या.

दुसऱ्या वाक्यावर आमचीच मंडळी चिडणार, ठाऊक आहे. पण लहान संस्थांचे हिशेब लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि भाड्याचा रकाना मी जितक्या वेळा भरलाय तितका कोणी भरला नसेल. या रकान्याला देणगीदार मिळत नाही. शिलाई मशीनला मिळतो, दप्तरांना मिळतो, वॉटर फिल्टरला तर रांग लागते, कारण त्यावर नाव रंगवता येतं. भाड्याच्या पावतीवर काय रंगवणार?

वर नियमांचा बागुलबुवा आहेच. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, तोच सीएसआर. त्यात प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं आहे. आता ही ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. पण प्रस्ताव तपासणारी मुलं ती सरसकट संस्थेच्या भाड्यावर, लाइट बिलावर आणि अकाउंटंटच्या पगारावर (म्हणजे माझ्यावर!) लावतात. समजावून सांगितलं तर ‘मॅडम, आमच्या फॉरमॅटमध्ये तो कॉलमच नाही’. परदेशी देणगीचं आणखी कठीण. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून थेट २० वर आणली, आणि ऑफिसचं भाडं त्यातच मोजतात.

कोणी म्हणेल, नागपुरात जागांना काय तोटा? मोर भवन आहे, शंकरनगरचं राष्ट्रभाषा संकुल आहे, धंतोलीत टिळक पत्रकार भवन आहे, सर्वोदय आश्रम आहे. अगदी खरं. दोन तासांच्या व्याख्यानाला या शहरात जागा मिळते, आणि त्यासाठी या सगळ्यांचे उपकारच आहेत. मी उरलेल्या दिवसांबद्दल बोलतेय.

महालात एका जुन्या वाड्याच्या माडीवर महिलांचं समुपदेशन केंद्र चालतं. तिथे मी हिशेबाला जाते. एकाच खोलीचे दोन भाग केलेत, मधे प्लायवूडचं पार्टिशन, तेही वरून हातभर मोकळं. अलीकडे बाई नवऱ्याबद्दल सांगत असते आणि पलीकडे घरमालकाचा मुलगा मोबाइलवर रील बघत बसलेला असतो. तो हसला की बाई गप्प. मे महिन्यात कूलर लावला तर त्याच्या घरघरीत तिचं बोलणं ऐकू येत नाही, बंद केला तर माणूस बसू शकत नाही. २३ मे २०१३ ला या शहराने ४७.९ अंश बघितलेत, त्यामुळे ‘बसू शकत नाही’ हे शब्दशः घ्या. समुपदेशक ताई मग कूलर बंद करतात आणि फाइलच्या पुठ्ठ्याने वारा घालत ऐकत राहतात. या केंद्राला देणगीत टॅब मिळाले, बॅनर मिळाले, स्टीलचे ग्लास मिळाले. नीट बंद होणारं दार अजून मिळायचंय.

आणि घरमालकाने ‘खाली करा’ म्हटलं की संपलं. पत्ता बदलला की धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट. मग पॅन, मग बँक, मग संस्थांच्या नोंदणीचं सरकारी दर्पण पोर्टल, आणि प्रत्येक ठिकाणी नवं लाइट बिल आणि नव्या मालकाचं ना हरकत पत्र. नवा मालक विचारतो, ‘काहून जी, माझं लाइट बिल तुम्हाला कशाला पाहिजे?’ या धावपळीत तिथल्या दोघी-तिघींचं काम कित्येक आठवडे बाजूला पडतं.

आता फुकट का नको ते सांगते. फुकटची जागा घेतलेल्या संस्था मी बघितल्यात. सुरुवातीला सगळं गोड असतं. मग ‘साहेबांच्या वाढदिवसाला तुमच्या मुली स्वागतगीताला पाठवा’ असा निरोप येतो. मग त्यांच्या वार्षिक अहवालात आपल्या शिबिराचे फोटो त्यांचा उपक्रम म्हणून छापून येतात. मग ट्रस्टी बदलतात आणि नव्या ट्रस्टींना ती खोली गोडाऊनला लागते. भांडणार कशाच्या जोरावर? हातात कागदच नसतो. भाडं थोडं का असेना, पण पावती मिळते, करार होतो, आणि ‘आमच्या फायली बघायला तुम्ही कोण’ एवढं विचारायची सोय राहते.

चांगला नमुना बघायला लांब जायला नको. वर्ध्याची मगनवाडी बघा. १९३४ च्या शेवटी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि तिथलं घर त्याला देऊन टाकलं. गांधीजी सेवाग्रामला जाण्याआधी तिथेच राहत होते. संघाचा कारभार गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांकडे. घाण्याचं तेल, हातकागद, हातसडीचे तांदूळ हे त्यांचे विषय, आणि गिरणीच्या साखरेपेक्षा गूळ बरा हा त्यांचा प्रचार. गंमत अशी की १९३१ मध्ये हिंदुस्थान शुगर मिल्स उभी करणारे हेच जमनालालजी. साखर कारखानदाराच्या बागेत बसून गुळाचा प्रचार! १९३८ साली तिथे मगन संग्रहालयही झालं. आज आपल्याकडे एखाद्या उद्योगसमूहाच्या प्रतिष्ठानाच्या छताखाली राहून त्याच समूहाच्या कारखान्याच्या धुराबद्दल एखादी संस्था पत्रक काढू शकेल का? तेवढी छाती असलेला देणारा भेटला तर फुकटही चालेल, पण जमनालाल रोज जन्माला येत नाहीत. म्हणून करार.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर न्यूयॉर्कमधली फोर्ड फाउंडेशनची इमारत आहे. १९६७ ची, १२ मजली, काचेची, आत चक्क झाडांची बाग. वास्तुकलेची पोरं तिच्यावर निबंध लिहितात. मला त्या बागेपेक्षा २०१८ मध्ये पूर्ण झालेलं नूतनीकरण महत्त्वाचं वाटतं. स्वतंत्र केबिन काढून टाकल्या, स्वतःच्या लोकांना दाटीने बसवलं आणि मोकळी झालेली जागा दुसऱ्या सामाजिक संस्थांना वापरायला दिली. साहेबांनी केबिन सोडली, हे आपल्याकडे घडलं तर मी स्वतः पेढे वाटीन.

कायद्याची भीती घालणारे भेटतातच, म्हणून तेही सांगून टाकते. सार्वजनिक न्यासाला आपली इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या पट्ट्याने द्यायची तर त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. तेव्हा ३ वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करा. ११ महिन्यांचा करून नोंदणी वाचवायची शक्कल महाराष्ट्रात चालत नाही, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेलाच लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. भाडं संस्था आज जे देते त्याच्या आसपास किंवा कमी ठेवा, वाढ किती ते आधीच लिहा. आणि एक ओळ ठळक अक्षरात घाला की प्रतिष्ठानाकडे अनुदानाचा अर्ज नामंजूर झाला म्हणून जागा जाणार नाही. या एका ओळीवर मी अडून बसेन.

‘मग आमच्या लॉबीत कोणीही येईल’ ही खरी अडचण असते, बोलत कोणी नाही. हो, येईल. कचरा वेचणारी बाई येईल, तृतीयपंथी येतील, पोलीस ठाण्यातून सरळ आलेली मुलगी येईल. गेटवरच्या भाऊंनी ‘कोणाकडे, कशासाठी’ विचारून रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं तर ती मुलगी तिथूनच परत जाईल. कार्यकर्ते नोकऱ्या करून येतात, त्यांचं काम संध्याकाळी सहानंतर सुरू होतं. इमारत साडेपाचला बंद करणार असाल तर हा उद्योग करूच नका.

आमची माणसंही काही संत नाहीत. एका मजल्यावर पाच-सहा संस्था आल्या की झेरॉक्सच्या कागदावरून आणि फ्रिजमधल्या डब्यावरून भांडणं होणार, हे मी आत्ताच लिहून देते. बोगस संस्थाही घुसायला बघतील. त्यांना गाळायला मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा, निम्मे अर्जदार परत येत नाहीत.

माझ्या मित्रयादीत चार-पाच जण तरी कुठल्या ना कुठल्या प्रतिष्ठानावर ट्रस्टी आहेत. लाइक करून पुढे जाऊ नका. कराराचा मराठी मसुदा माझ्याकडे टाइप करून तयार आहे, इनबॉक्समध्ये मागा. आणि महालातल्या त्या केंद्राला सीताबर्डी ते धंतोली कुठेही, तळमजल्यावर नाहीतर लिफ्ट असेल तिथे, एक खोली हवी आहे. भाडं वेळेवर मिळेल. त्यांचे हिशेब मीच लिहिते.