अहो, ही ती बलेनो नव्हे!

मारुतीची जुनी बलेनो अल्टुरा, म्हणजे मागे लांब डिकी असलेली स्टेशन वॅगन घेतलीय आणि गाडीबद्दल माझी काडीची तक्रार नाही. १६०० सीसीचं इंजिन घाटात अजून दमत नाही, मागची सीट पाडली की फ्रिजसुद्धा आत जातो. डोकं फिरतं ते स्पेअर पार्टच्या काउंटरवर. 'अल्टुरा, स्टेशन वॅगन, डिकीचा शॉकअप' असं स्पष्ट सांगूनही समोर येतो तो २०१५ला बलेनो याच नावाने आलेल्या छोट्या हॅचबॅकचाच पार्ट. आरसी दाखवा, फोटो दाखवा, उत्तर ठरलेलं: 'बसेल साहेब, घेऊन जा.' नाही बसत हो! परत करायला गेलं की वर फुकटचा सल्ला, 'विकून टाका.' का म्हणून? इतकी ऐसपैस, धडधाकट गाडी मी विकायची, आणि तुम्ही साधा पार्ट नंबरही बघायचा नाही?