फॉन्ड वापरा, निवांत रहा

लव्ह म्हटलं की माणूस अडकतो, लाइक म्हटलं तर समोरच्याला राग येतो (फोटोलाही लाइक आणि मलाही लाइकच का?), म्हणून काठावर बसणाऱ्या तुमच्यासारख्यांसाठी इंग्रजीने खास सोय करून ठेवलीये, फॉन्ड हा शब्द, म्हणजे आवड किंवा जिव्हाळा असलेला. जीव लावल्यासारखं दिसतं पण लावावा लागत नाही.

आधी ग्रामर बघून घ्या, कारण प्रेमात व्याकरण चुकलेलं चालतं, फॉन्डमध्ये नाही. कशाची किंवा कुणाची आवड सांगायची तर पुढे ऑफ लागतंच आणि ऑफनंतर नाम, सर्वनाम नाहीतर आयएनजीवालं रूप. फॉन्ड ऑफ रीडिंग. फॉन्ड टू रीड लिहिलंत की संपलं. हे सीव्हीत छंदांच्या रकान्यात टाकायचं, शेवटचं पुस्तक कधी वाचलं विचारलं तर सांगा, फॉन्ड आहे म्हटलंय, वाचतो असं कुठे म्हटलंय!

आता खरा उपयोग. समजा रात्री साडेअकराला तिकडून आय लव्ह यू आलं. तुम्ही टाइप करताय, खोडताय, परत टाइप करताय, तिकडे नुसतं टायपिंग टायपिंग दिसतंय आणि माणूस श्वास रोखून बसलाय. अशा वेळी बिनधास्त पाठवा, आय ॲम व्हेरी फॉन्ड ऑफ यू. व्हेरी विसरायचं नाही, नकार जितका पक्का तितके व्हेरी जास्त. नाही म्हटलं असंही नाही आणि हो तर अजिबातच नाही, उद्या स्क्रीनशॉट फिरला तरी तुम्ही कुठे सापडत नाही.

कोणी शहाणा डिक्शनरी घेऊन आलाच तर घाबरू नका. १४व्या शतकातल्या इंग्रजीत फॉन म्हणजे मूर्ख, त्यावरून आलेला फॉन्ड म्हणजे बावळट, मग १६व्या शतकाच्या शेवटाकडे बावळटासारखा जीव लावणारा आणि पुढे नुसताच जीव लावणारा असं त्याचं प्रमोशन झालं. जुना अर्थ अजून पुरता गेलेला नाही बरं का, फॉन्ड होप म्हणजे भाबडी आशा, जी तिकडे तुमचा मेसेज पुन्हा पुन्हा वाचून चाललीये. (डोट या इंग्रजी शब्दाचंही तेच, एक अर्थ कुणावर जीव ओवाळून टाकणं, दुसरा म्हातारपणी अक्कल जाणं. इंग्रजी बोलणाऱ्यांचं प्रेमाबद्दलचं खरं मत असं डिक्शनरीत दडलंय.)

ऑफिसात कोणी सोडून चाललं की फॉन्ड फेअरवेल द्या, ज्याच्याशी वर्षभर अबोला होता त्यालाही चालतं, कार्डावर फॉन्ड मेमरीज लिहा, कुठल्या ते लिहावं लागत नाही.

फक्त हेच वाक्य तुम्हाला आलं तर त्यातले व्हेरी मोजत बसू नका, थँक यू म्हणा आणि फोन चार्जिंगला लावून झोपा.