कॅलेंडरची ‘पाच गुपितं’ आणि हातांचा हिशेब

माझा भाचा इचलकरंजीतल्या एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात, कॅलेंडरवर हेल्पर म्हणून लागलाय. कॅलेंडर म्हणजे रोलांमध्ये कापड दाबून गुळगुळीत करणारं मशीन. त्यानं मला एक मेसेज पुढे ढकलला: ‘कॅलेंडर ऑपरेटरची पाच गुपितं, जी फिटर सांगत नाहीत.’ सोबत विचारलंय, ‘मामा, खरं आहे का?’ फिटर, म्हणजे मशीन दुरुस्त करणारे, सांगत नाहीत, कारण त्यांना हातांची किंमत माहीत असते.

पहिलंच गुपित असं: ‘रोल चालू ठेवून, कापड आत शिरतं त्या बाजूनं फडक्यानं पुसा, म्हणजे एकसारखा साफ होतो.’ हे लिहिणाऱ्यानं कॅलेंडर कधी जवळून पाहिलंय का? वर वाफेवर तापलेला लोखंडी रोल, खाली सुती बाऊल, म्हणजे दाबून भरलेल्या सुताचा रोल, मध्ये दाब. 7 किलो दाबाची वाफ असेल तर ती साधारण 170 अंशांची. मशीन मिनिटाला 30 मीटरनं चालत असेल तर सेकंदाला अर्धा मीटर कापड आत जातं. फडक्याचं टोक पकडलं गेलं, की ‘अरे’ म्हणेपर्यंत कोपर आत.

यात अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजानं मान्य करतो. तापलेला रोल एका जागी उभा ठेवला तर वाकतो, आणि दाबाखाली सोडलेल्या बाऊलवर चपटा पट्टा पडतो. म्हणून दाब सोडून, रोल वेगळे करून, तापलेला रोल अगदी हळू फिरत थंड होऊ देतात. पण फिरत ठेवा म्हणजे हात घाला, असं कुणी सांगितलं?

1948 च्या कारखाना कायद्याचं (तो 2025 पर्यंत लागू होता) 22 वं कलम याच प्रसंगासाठी लिहिलं गेलं. चालतं यंत्र तपासायची वेळ आलीच, तर ते फक्त खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानं करायचं. मालकानं दिलेले अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि त्याचं नाव आधी नोंदवहीत असलं तरच. तपासताना गरज दिसली तर करायचं वंगण, जुळवणी यांचा उल्लेख होता. फडक्यानं पुसणं त्या यादीत नव्हतंच. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्यांना हे कळलं होतं त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, हे बरंच झालं.

दुसरं गुपित: ‘जाड हातमोजे घातले की भीती नाही.’ बंद मशीनचे गरम भाग हाताळायला मोजे हवेतच. फिरत्या रोलजवळ तेच मोजे आधी पकडले जातात आणि बोटं मागोमाग जातात. सैल बाही, अंगठी, हातातला दोरा, सगळ्यांचं तेच.

तिसरं, ओढली की मशीन थांबवणारी स्टॉपची दोरी ‘सारखी लागते म्हणून बांधून ठेवा’, याला उत्तर द्यायचीही इच्छा नाही. धक्का लागून मशीन सारखं थांबत असेल तर फिटरला बोलवा.

चौथं मात्र सगळ्यात घातक: ‘हात अडकला तर लगेच रिव्हर्स मारा.’ मशीन त्यासाठी बनवलेलं नसेल तर तोच हात त्याच दाबाखालून दुसऱ्यांदा जातो. आणि गरम रोलवर नुसतं थांबवून भागत नाही. मोटर बंद झाली तरी रोल तापलेलाच असतो, हात त्याला चिकटून दाबलेला, आणि प्रत्येक सेकंदाला जास्त भाजत जातो. म्हणून थांबवणं आणि दाब सोडून रोल उचलणं, दोन्ही लागोपाठ व्हायला हवं. दाब सोडायची कळ कुठे आहे, ती वीज गेल्यावर चालते का, हे हेल्परला पहिल्या दिवशीच दाखवायचं असतं. बहुतेक ठिकाणी त्याला चहाचा कप कुठे ठेवायचा ते दाखवतात.

पाचवं, भाजल्यावर टूथपेस्ट लावायची. नको. हळद नको, बर्फही नको. नळाचं वाहतं पाणी, वीस मिनिटं. सूज यायच्या आत अंगठी काढायची. चिकटलेलं कापड ओढायचं नाही. बाहेरून कातडी धड दिसली तरी आतलं मांस चेंगरलेलं असू शकतं, म्हणून ‘काही झालं नाही’ म्हणणाऱ्यालाही दवाखान्यात न्यायचं. पेस्ट फासून नेलं तर डॉक्टरला आधी ती धुवत बसावं लागतं.