हिंटरकाइफेक: नाव का घेतलं नाही?

नमस्कार सर,

"शेजाऱ्यानेच मारलं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं होतं. तुम्ही मात्र नाव घ्यायला कचरलात आणि सगळं खापर पोलिसांवर फोडून मोकळे झालात," असं तुम्ही हिंटरकाइफेक वाडीवरच्या खुनांबद्दलच्या माझ्या लेखावर लिहिलंय. उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

पोलिसांबाबत तुमचं म्हणणं अर्धं मान्य. जर्मनीच्या बव्हेरियातल्या त्या एकाकी वाडीवर ३१ मार्च १९२२ च्या रात्री ग्रुबर कुटुंबातले पाच जण आणि त्याच दिवशी कामाला आलेली मोलकरीण असे सहा जीव गेले. प्रेतं सापडली ४ एप्रिलला. म्युनिकचं पथक सत्तर किलोमीटरवरून पोहोचेपर्यंत गावकरी घरभर फिरून गेले होते. त्याचा दोष पथकाला देणं ही माझी चूक. आपल्याकडेही पंचनाम्याआधी अर्धा गाव ओसरीवरून फिरून येतोच की! शिवाय गोठ्यात गुरं हंबरत असताना वैरण टाकू नका, असं शेतकऱ्याला सांगणार कोण? पण ज्या घराची झडती झाली, तेच घर पुढच्या वर्षी पाडताना माळ्यावर ग्रुबरच्याच घरची कुदळ मिळावी, आणि ती हत्यार निघावी? हे मला अजूनही पचत नाही.

आता शेजारी. ग्रुबरची मुलगी व्हिक्टोरिया हिच्या दोन वर्षांच्या मुलाचं पितृत्व त्याने कबूल केलं होतं, त्यावरून वादही होते. प्रेतं सापडली तेव्हा तो पुढे होता, त्याने ती हलवली, आणि विचारल्यावर "पोराला शोधत होतो" म्हणाला. संशय येणारच. पण खुनाच्या थोडं आधी घरधनी ग्रुबरला बर्फात जंगलाकडून घराकडे आलेली पावलं दिसली होती, परत गेलेली एकही नाही. त्याने ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, पोलिसांना नाही. बांधाला बांध असलेला माणूस जंगलातून कशाला येईल?

खुनानंतरही कुणीतरी गुरांना चारा घालत होतं, धुराड्यातून धूर निघताना लोकांनी पाहिला. शेजाऱ्याला ये-जा सोपी होती, असं तुम्ही म्हणाल. खरंय, पण वाडीतच दबा धरून बसलेल्यालाही ती सोपीच होती. ४ तारखेला एक मेकॅनिक इंजिन दुरुस्त करायला आला. हाक मारली, कुणी येईना. बिचारा एकटाच चारेक तास खटपट करून निघून गेला. चार प्रेतं तिथून जवळच, कोठारात गवताखाली होती.

शवचिकित्सेनंतर मुंडकी म्युनिकला नेली, ती पुढे युद्धात हरवली. २००७ मध्ये पोलीस अकादमीच्या प्रशिक्षणार्थींनी सगळी कागदपत्रं पुन्हा चाळली. त्यांचं एका संशयितावर एकमत झालं, पण नातेवाइकांचा विचार करून त्यांनी नाव जाहीर केलं नाही. फाईल हाताळलेली ती माणसं गप्प राहिली, मग मी इथे खुर्चीत बसून कुणाला खुनी ठरवू? त्या शेजाऱ्यावर कधीही गुन्हा सिद्ध झाला नाही.

कुदळीचा उल्लेख मूळ लेखात राहून गेला होता, तो आज घातलाय. 'पोलिसांचा हलगर्जीपणा' हे उपशीर्षकही काढलं.