प्राध्यापक मंत्री झाल्या, पुढे काय झालं?

महाराष्ट्रात कुलगुरूंच्या नेमणुकीवरून वाद पेटला की पुण्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर मला उद्देशून एक वाक्य हमखास येतं: "तुमच्याकडे बरं आहे, प्राध्यापक बाईच मंत्री होत्या." बाई म्हणजे सिल्वी रतायो. मे 2022 ते सप्टेंबर 2024 या काळात त्या फ्रान्सच्या उच्च शिक्षण आणि संशोधन मंत्री होत्या. मी पॅरिसच्या दक्षिणेला ऑर्सेजवळ राहतो, त्यामुळे त्यांचं विद्यापीठ माझ्या रोजच्या वाटेवर आहे. शेजारधर्म म्हणून का होईना, पण त्यांच्या कारकिर्दीकडे जरा बारकाईने पाहिलंय. मित्रांना वाटतं तितकं ते प्रकरण सरळ नाही.

बाई पदार्थविज्ञानाच्या. सेमीकंडक्टरवर काम, मग प्राध्यापकी, मग ऑर्सेच्या विज्ञान शाखेचं नेतृत्व आणि 2016 पासून पारी-स्यूद (पॅरिस-दक्षिण) विद्यापीठाचं अध्यक्षपद. ते विद्यापीठ पारी-साक्लेमध्ये विलीन झालं तेव्हा नव्या संस्थेच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. विद्यापीठांच्या 2020 च्या शांघाय क्रमवारीत साक्ले जगात चौदाव्या आणि गणितात पहिल्या क्रमांकावर आलं. असा माणूस मंत्री झाला तर विद्यापीठांचं भलं होईल असं कुणालाही वाटावं. मलाही वाटलं होतं.

बाईंनी काही केलंच नाही असं नाही. 2023 मध्ये गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या महिन्याला किमान 37 युरोंनी वाढल्या. पण मंत्र्याचं वजन कळतं ते त्याच्या खात्याला कात्री लागते तेव्हा. फेब्रुवारी 2024 मध्ये अर्थखात्याने एका फटक्यात 10 अब्ज युरोंचा खर्च रद्द केला. त्यात उच्च शिक्षण आणि संशोधनाच्या वाट्याला 90 कोटी 40 लाख युरोंची कपात आली. पक्षात ज्यांचं कुणी नाही, मतदारसंघ नाही, अशा मंत्र्याला अशा वेळी कोण विचारतं?

त्याच्या दोन महिने आधीचा प्रसंग तर आम्हा परदेशी लोकांना थेट चटका देणारा होता. 19 डिसेंबर 2023 ला संसदेने स्थलांतराचा कायदा मंजूर केला. युरोपीय संघाबाहेरून शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांनी परत जाण्याची हमी म्हणून अनामत रक्कम भरावी, अशी तरतूद त्यात घुसवलेली होती. विद्यापीठांच्या अध्यक्षांनी विरोध केला, मोठ्या बिझनेस स्कूलवाल्यांनीही केला. रतायोंनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही, आणि त्या राहिल्या. त्याच कायद्यावरून आरोग्यमंत्री ऑरेलियाँ रुसो मात्र खरोखर बाहेर पडले.

रतायोंच्या आधी, 2017 ते 2022, या खात्यावर फ्रेदेरिक विदाल होत्या. त्याही शास्त्रज्ञच, जीवरसायनाच्या, आणि नीसच्या विद्यापीठाच्या माजी अध्यक्ष. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये ज्या सरकारने युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची फी पदवीसाठी 170 वरून 2,770 युरो आणि मास्टर्ससाठी 243 वरून 3,770 युरो करायचं जाहीर केलं, त्या सरकारात खातं त्यांचंच होतं. मराठी मध्यमवर्गीय घरातून इथे येऊ पाहणाऱ्या पोरासाठी हा फरक म्हणजे कर्ज काढायचं की नाही, इतका मोठा. योजनेचं नाव काय, तर 'फ्रान्समध्ये स्वागत'! मग फेब्रुवारी 2021 मध्ये याच बाईंनी विद्यापीठांत 'इस्लामी-डावी' विचारसरणी (डावे लोक इस्लामी कट्टरवाद्यांना साथ देतात, अशा आरोपाचा हा शब्द) किती पसरली आहे याची चौकशी करण्याची भाषा केली. सीएनआरएस ही इथली सर्वांत मोठी सरकारी संशोधन संस्था. तिने जाहीर निवेदन काढून सांगितलं की या शब्दाला कुठलंही वैज्ञानिक वास्तव नाही. विद्यापीठांच्या अध्यक्षांच्या परिषदेनेही उघड आश्चर्य व्यक्त केलं. त्या परिषदेत विदाल स्वतः कधीकाळी बसत होत्या.

माझ्या मित्रांनी पाहायला हवं ते इथे आहे. मंत्री शिकलेल्या होत्या, पण त्यांना अडवलं कुणी? सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने मंत्र्याला तोंडावर नकार दिला आणि तिच्या प्रमुखाची खुर्ची गेली नाही. फीच्या बाबतीतही कित्येक विद्यापीठांनी फीमाफीचा आपला अधिकार वापरून जुन्याच दराने प्रवेश दिले. हा अधिकार 10 टक्के विद्यार्थ्यांपुरताच, तरी पुष्कळांना पुरला. हे जमतं, कारण इथे विद्यापीठाचा अध्यक्ष सर्वसाधारणपणे विद्यापीठाच्या मंडळाकडून निवडून येतो. त्या मंडळात प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. मुदत 4 वर्षं, आणि फार तर एकदाच पुन्हा.

आपल्याकडे भांडण कशावर असतं? कुलगुरू राज्यपालांचा की सरकारचा. डिसेंबर 2021 च्या विधेयकाने उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करून कुलगुरूपदासाठीची नावं सरकारमार्फत पाठवायचं ठरवलं होतं. सरकार बदललं आणि ते विधेयक मागे घेतलं गेलं. दोन्ही बाजूंनी खूप लिहिलं-बोललं गेलं, पण प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी कुलगुरू निवडावा असं त्या गदारोळात मला तरी कुणाच्या तोंडून ऐकू आलं नाही. आहे त्या निवडणुकीचं काय, तर मुंबई विद्यापीठाच्या सिनेटची पदवीधर निवडणूक 2023 मध्ये ऐनवेळी थांबवली गेली, ती व्हायला सप्टेंबर 2024 उजाडला.

आता इथलं सगळं गोमटं आहे असं समजू नका. आपल्याकडचे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक इथेही आहेत, त्यांना 'वाकातेर' म्हणतात. तयारी आणि पेपर तपासणी धरली तर त्यांचा तासाचा मोबदला लाजिरवाणा निघतो. निवडून आलेले अध्यक्षही तिजोरी रिकामी असली की याच लोकांच्या जिवावर वर्ग चालवतात.

राहता राहिली अनामत. ती 25 जानेवारी 2024 ला, कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या घटनापरिषदेने काढून टाकली. तीही विद्यार्थ्यांच्या कळवळ्याने नव्हे, तर मूळ विधेयकाशी संबंध नसलेली तरतूद म्हणून. माझ्या बायकोचं म्हणणं, रतायो राहिल्या ते बरंच झालं, आत कुणीतरी आपलं हवं. मला रुसोंचं पटतं. आणि मंत्री होण्याऐवजी साक्लेच्या अध्यक्ष राहून बाईंनी याच तरतुदीवर एक पत्रक काढलं असतं, तर त्याचं वजन त्यांच्या परत आलेल्या राजीनाम्यापेक्षा जास्त पडलं असतं.