जबड्यातून कट् आवाज आला तर थांबा, चावत बसू नका

परवा जेवताना भाचा घास हातात धरून म्हणतो, "मावशी, तोंड पूर्ण उघडत नाहीये गं, नॉर्मल आहे ना हे?" नॉर्मल कसलं डोंबलाचं. १७ वर्षांचा पोरगा, महिनाभर रोज दोन तास कडक च्युइंगम आणि वर तो सिलिकॉनचा बॉल चावत बसलाय, कारण मित्रांच्या ग्रुपवर मेसेज आला. मेसेज मागवून वाचला. दोन तास चावा, जबड्याचं हाड वाढून जॉलाइन धारदार होते, गालाची चरबी वितळते, अक्कलदाढेला जागा होते, चावायचा स्नायू शरीरात सगळ्यात ताकदवान म्हणून तो थकतच नाही. आणि कळस म्हणजे, कानाजवळ कट् आवाज यायला लागला की सांधा मोकळा होतोय असं समजा, थांबू नका!

हे शेवटचंच आधी धरते, कारण बाकीच्यात फार तर वेळ वाया जाईल, यात जबडा अडकतो. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली हलतं ते खालच्या जबड्याचं टोक. ते दाराच्या बिजागरीसारखं नुसतं फिरत नाही, आधी फिरतं आणि तोंड मोठं उघडायचं असलं की अख्खं पुढे सरकतं. ते टोक आणि कवटी यांच्यामधे एक छोटी चकती असते, तिनेही सोबत सरकायचं असतं. ती जागेवरून पुढे निसटली असेल तर उघडताना हाड तिच्या कडेवरून टुणकन उडी मारून परत तिच्याखाली बसतं. बहुतेक वेळा तोच तो कट्. मोकळंबिकळं काही होत नाहीये.

आता मान्य करते की नुसता आवाज असेल आणि दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही. अमेरिकेतली दातांवरची सरकारी संशोधन संस्था, एनआयडीसीआर, हेच सांगते, की न दुखता येणारे आवाज सर्रास असतात, उपचार लागत नाहीत. पण तीच संस्था जबडा दुखणाऱ्यांना मऊ खा आणि च्युइंगम कमी करा म्हणते, ते मेसेजवाल्याने कुठून वाचावं. आणि कधीकधी ती चकती पुढेच अडकून बसते, मग आवाज बंद होतो पण तोंडही उघडत नाही. मेसेजच्या हिशोबाने आवाज गेला म्हणजे काम फत्ते! साधारण तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमधे मावायला हवीत, आमच्याकडे दोन कशीबशी जातात.

ताकदीचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. वजनाच्या मानाने मॅसेटर (दात आवळले की गालात मागे टणक लागतो तो) खरंच दणकट, सगळे स्नायू मिळून दाढांवर ९० किलोपर्यंत जोर लावू शकतात म्हणे. पण मग तो जोर झेलतं कोण? दात आणि तोच बिचारा सांधा. एरवी गप्प बसलेलं असताना वरचे खालचे दात एकमेकांना टेकलेलेही नसतात, थोडी फट असते, आणि हा दोन तास चावतोय. स्नायू थकतो, दुखतो, सगळ्या स्नायूंसारखाच.

हाड वाढण्याचं... लहानपणी चावण्याचा जबड्याच्या वाढीवर परिणाम होतो, एवढं मी देते. पण वाढ संपत आल्यावर च्युइंगमने फुगतो तो मॅसेटर, आणि तो असतो जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर, म्हणजे चेहरा खालून रुंद चौकोनी दिसतो, हनुवटी तसूभरही पुढे येत नाही. हाच फुगलेला स्नायू बारीक करायला लोक बोटॉक्सची इंजेक्शनं घेतात, आणि हा फुकटात फुगवतोय.

चरबी हव्या त्या जागेवरून वितळत नाही, नाहीतर पोटाचे व्यायाम करणाऱ्या कुणालाच पोट नसतं. अक्कलदाढ १७ ते २५ च्या आसपास येते, जागा असली तर नीट येते नाहीतर अडकते, चावून हाड लांब होत नाही. पुढे.

गुरुवारी त्याला दाखवायला नेतेय. तोवर मऊ खाणं, शेक, आणि जांभई आली की हनुवटीखाली हात. बॉल माझ्या कपाटात आहे, कालपासून दोनदा मागून झालाय.