दोन व्हीएम उभ्या केल्या की झालं?

'दोन व्हीएम उभ्या करा, विंडोजचं फेलओव्हर क्लस्टरिंग चालू करा. सर्व्हर कधीच बंद पडणार नाही, बॅकअपचीही झंझट नाही.' ॲडमिन मंडळींच्या ग्रुपांवर हा सल्ला सध्या जोरात फिरतोय. व्हीएम म्हणजे खऱ्या मशीनमध्ये चालणारा आभासी संगणक आणि फेलओव्हर म्हणजे एक पडला की दुसऱ्याने काम उचलणं. एकेक दावा बघू.

'दोन व्हीएम पुरतात.' दोन्ही बसल्यात कुठे? एका ऑफिसात नोड १ आणि नोड २ (क्लस्टरमधली दोन मशीनं) एकाच होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या एकाच खऱ्या मशीनवर, सुखाने नांदताना मी पाहिलेत. होस्ट गेला की दोन्ही गेल्या. सुरुवातीला वेगळ्या ठेवल्या तरी व्हीएमवेअरचं डीआरएस (होस्टांवर भार वाटून देणारी सोय) लोड बघून त्या पुन्हा एकत्र आणू शकतं, म्हणून अँटी-ॲफिनिटीचा (दोघींना एका होस्टवर येऊ न देणारा) नियम लावावाच लागतो.

'कोण चालू, कोण बंद, ते क्लस्टर बघून घेतं.' बघतं, पण नोडांची मतं मोजून; बहुमत असेल तीच बाजू चालू राहते. दोन नोडमधलं नेटवर्क तुटलं की दोघांनाही वाटतं, समोरचाच मेला. दोघांनी एकाच डिस्कवर लिहायला घेतलं तर डेटाचं मातेरं. म्हणून तिसरं मत हवं, म्हणजे विटनेस. तिसऱ्या मशीनवरचा फाइल शेअर (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) चालतो, विंडोज सर्व्हर २०१६ पासून क्लाउड विटनेसही आहे. विटनेस नसेल तर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून क्लस्टर एका नोडचं मत स्वतःच काढून घेतं. मत उरलेला नोड अचानक पडला, तर दुसरा धडधाकट असूनही क्लस्टर बंद! आणि तो फाइल शेअर त्याच होस्टवरच्या व्हीएममध्ये ठेवणारे महाभागही आहेत.

'फेलओव्हर होतो ते कळतही नाही.' कळतं. सर्व्हर २०१६ मध्ये हार्टबीट ('मी जिवंत आहे' असा नोडचा संकेत) दर सेकंदाला जातो आणि लागोपाठ १० चुकले की नोड मेला असं धरतात. म्हणजे १० सेकंद नुसती खात्री करण्यात. मग डिस्क दुसरीकडे जाणार, एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस सुरू होऊन रिकव्हरी (अर्धवट राहिलेलं काम निस्तरणं) करणार, जुनी कनेक्शनं तुटलेलीच. व्हीएमची आणखी एक खोड आहे: स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद घेणं) किंवा लाइव्ह मायग्रेशनमध्ये (चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर हलवणं) ती क्षणभर गोठते. तो क्षण लांबला तर जिवंत नोडचंही श्राद्ध घातलं जातं. २०१२ आर२ मध्ये ही मर्यादा ५ च होती, तेव्हा हे जास्त भोवायचं.

आपोआप झालेला फेलओव्हर किती महागात पडतो, ते कोड साठवणाऱ्या गिटहब या साइटने २१ ऑक्टोबर २०१८ ला पाहिलं. नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात मायएसक्यूएल डेटाबेसचे प्रायमरी (नव्या नोंदी घेणारे मुख्य सर्व्हर) अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हलले, पण पूर्वेकडचे काही राइट्स (लिहिलेल्या नोंदी) तिथे पोचलेच नव्हते. दोन्हीकडचा डेटा वेगळा झाला आणि सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली.

'बॅकअप नको.' बॅकअप हवाच, इथे वाद कसला? शेअर्ड डिस्क एकच. कुणी टेबल उडवलं तर दुसऱ्या नोडवरही ते उडालेलंच दिसणार.

मग क्लस्टर कशाला? दर महिन्याच्या पॅचिंगला. रोल (क्लस्टरवर चालणारी सेवा) दुसऱ्या नोडवर सरकवायचा, पहिला पॅच करून रीबूट करायचा, मग उलट. मिनिटभर कनेक्शन तुटतं, पण रात्री दोनला जागावं लागत नाही.